नाकतोड्यांची सुप्त अंडी प्रयोगशाळेत कशी जपावीत आणि कशी उबवावीत

भात कापणीला येते त्या सुमारास नाकतोड्याची मादी खाचराच्या बांधावर बसून पोटाचे टोक मातीत रोवते आणि फेसाळ द्रवात गुंडाळलेल्या अंड्यांचा एक पुंज तिथे सोडते. हा फेस वाळला की मातीच्या कणांसह त्याचे टणक वेष्टन बनते, आणि आतली अंडी पूर्ण हिवाळा व त्यानंतरचा उन्हाळा बांधाच्या मातीत काढून जूनमध्ये पाऊस झाल्यावरच उबतात. भातावर येणारा हिएरोग्लिफस बॅनियन हा नाकतोडा वर्षाकाठी अशी एकच पिढी पुरी करतो. उन्हाळ्यात बांध खरडून हे पुंज उघड्यावर आणावेत, म्हणजे ते उन्हाने वाळतात किंवा पक्षी ते टिपतात, हा सल्ला शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे दिला जातो आणि तो योग्यच आहे. अडचण येते ती हीच अंडी अभ्यासासाठी प्रयोगशाळेत आणल्यावर. विद्यार्थी ती ओल्या वाळूत ठेवतो, इनक्युबेटर ३० अंशांवर लावतो, महिनाभर वाट पाहतो आणि एकही पिल्लू न निघाल्याने अंडी मेली असे वहीत लिहून टाकून देतो.

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मीही नेमके हेच केले होते. डिसेंबरात आणलेले नऊ पुंज पस्तीस दिवस सांभाळून शेवटी वाळूसकट प्रयोगशाळेमागच्या एका रिकाम्या कुंडीत ओतले. जूनमध्ये दोन जोरदार सरी झाल्यावर त्या कुंडीत उगवलेल्या हरळीवर तांदळाच्या दाण्याएवढी पिल्ले उड्या मारताना दिसली, तेव्हा माझ्या वहीतला निष्कर्ष साफ चुकीचा होता हे कळले. न उबलेले अंडे आणि मेलेले अंडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंडे उबवण्याच्या खटपटीला लागण्याआधी ते कशामुळे थांबले आहे हे शोधून काढणे हेच खरे काम आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

थांबण्याचे दोन प्रकार

अंड्याची वाढ दोन कारणांनी थांबते. पहिल्या प्रकारात परिस्थिती प्रतिकूल असते, म्हणजे पाणी नसते किंवा थंडी असते, आणि परिस्थिती सुधारताच वाढ लगेच पुढे सुरू होते. याला शास्त्रीय परिभाषेत क्वायसन्स म्हणतात. आपण त्याला तात्पुरता थांबा म्हणू. दुसऱ्या प्रकारात पाणी, ऊब, हवा सगळे हाताशी असूनही गर्भ आतूनच थांबलेला असतो, आणि ठरावीक काळ विशिष्ट परिस्थितीत गेल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. हा डायपॉज. हा शब्द अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी १८९३ मध्ये लांब मिशांच्या एका टोळाच्या अंड्यातील गर्भाच्या हालचालींचे वर्णन करताना प्रथम वापरला. पुढे त्याचा अर्थ बदलत आज रूढ असलेल्या अर्थावर स्थिरावला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यूआर्था यांनी १९५२ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. डायपॉजमध्ये असलेला गर्भ बाहेरून निश्चल दिसला, तरी त्याच्या आत एक संथ प्रक्रिया चालूच असते, आणि ती पुरी होण्यासाठी लागणारे तापमान हे नेहमीच्या वाढीला लागणाऱ्या तापमानापेक्षा बरेचदा कमी असते. त्यामुळेच ३० अंशांवर ठेवलेले अंडे, आपल्या दृष्टीने उत्तम सोय होऊनही, झोपेतून बाहेर येत नाही.

हा फरक कागदावर सोपा वाटला तरी प्रत्यक्षात दोन्ही प्रकार एकाच अंड्यात एकापाठोपाठ एक येऊ शकतात. हिवाळ्यात डायपॉजमध्ये असलेले अंडे मार्चपर्यंत त्यातून मोकळे होते, पण तेव्हा माती कोरडी ठणठणीत असल्याने पाण्यावाचून पुढचे तीन महिने निव्वळ तात्पुरत्या थांब्यात काढते. म्हणून त्याच बांधावरून डिसेंबरात आणलेली अंडी आणि एप्रिलमध्ये आणलेली अंडी प्रयोगशाळेत सारखी वागतील असे कधीही गृहीत धरू नये, आणि गोळा केल्याची तारीख हा नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना मानावा.

अंडी गोळा करणे

कापणी झालेल्या खाचरांचे बांध, त्यातही गवत असलेली आणि पाणी न तुंबणारी बाजू, ही शोधण्याची जागा आहे. खुरप्याने वरची माती पापुद्र्यापापुद्र्याने काढत सात-आठ सेंटिमीटरपर्यंत खाली जावे. एकदम ढेकूळ उपटले की पुंज मधोमध तुटतो. सापडलेला पुंज त्याच्या भोवतीच्या मुठभर मातीसह प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. डबीला झाकण असावे, पण ती उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद गाडीत तासाभरात जे तापमान होते, ते तुमच्या साऱ्या प्रयोगाची वाट लावू शकते, आणि त्याची कुठेही नोंद राहत नाही.

दुसरा आणि अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात प्रौढ नर-माद्या जाळीने पकडून पिंजऱ्यात ठेवणे, खायला भाताची किंवा ज्वारीची ताजी पाने देणे आणि अंडी घालण्यासाठी दहा सेंटिमीटर खोल वाळूचे पेले ठेवणे. यात अंडी घातल्याची तारीख नेमकी कळते आणि जात कोणती याबद्दलही शंका राहत नाही. बांधावरून आणलेल्या पुंजाची जात केवळ पुंज पाहून ठामपणे सांगण्याचा मोह टाळावा; त्यातील काही पिल्ले प्रौढ होईपर्यंत वाढवून मगच नाव लिहावे.

पुंज फोडताना तो कोमट, उकळून गार केलेल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवला की फेसाचे वेष्टन मऊ होते. मग बोथट सुईने ते बाजूला करून अंडी शून्य नंबरच्या रंगाच्या ब्रशने उचलावीत, चिमट्याने नव्हे. हाताळताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: एका पुंजातली सगळी अंडी एकाच मादीची असतात. एक पुंज एका बरणीत आणि दुसरा पुंज दुसऱ्या बरणीत ठेवला, तर शेवटी दिसणारा फरक परिस्थितीचा की आईचा हे कळत नाही. प्रत्येक पुंजातील अंडी सर्व बरण्यांत समान वाटावीत. हे कंटाळवाणे काम आहे, पण यावाचून पुढचे सारे आकडे निरर्थक ठरतात.

वाळू आणि पाणी

वाळू नदीची, बारीक चाळणीने चाळलेली आणि अनेकदा धुतलेली घ्यावी. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी आणि ऑटोक्लेव्ह असेल तर निर्जंतुक करावी. १०० ग्रॅम कोरड्या वाळूला ८ ते १० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण सुरुवातीला ठीक असते. मुठीत दाबल्यावर वाळूचा लाडू वळावा, पण तळहाताला पाणी सुटू नये, ही जुनी परीक्षा अजूनही कामाची आहे. बरणीचे वजन झाकणासह लिहून ठेवावे आणि दर आठवड्याला वजन करून जितके घटले असेल तितकेच पाणी घालावे. अंदाजाने पाणी शिंपडणाऱ्याच्या बरण्यांत पहिल्या महिन्यात बुरशी आणि दुसऱ्या महिन्यात दुष्काळ असतो.

पाण्याला इतके महत्त्व का, हे टोळाच्या अंड्यावरून चांगले समजते. मे २०२० मध्ये ज्या वाळवंटी टोळांच्या धाडी अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आल्या, त्यांच्या अंड्यांना डायपॉज नसतो. मादी ओलसर रेताड जमिनीत अंडी घालते, अंडे पहिल्या काही दिवसांत मातीतून जवळपास स्वतःच्या वजनाइतके पाणी शोषून फुगते, आणि पुरेशी ऊब असली तर साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. ओल नसेल तर वाढ खुंटते आणि अखेर अंडी सुकतात. नाकतोड्याच्या अंड्यांतही पाणी घेण्याचा मुख्य मार्ग मागच्या टोकाला असतो. तिथे कवचाखाली हायड्रोपाइल नावाचा एक लहानसा खास भाग असतो. कीटकशास्त्रज्ञ एलिनॉर स्लायफर यांनी १९४६ मध्ये एका अमेरिकी नाकतोड्यावर दाखवून दिले की डायपॉजच्या काळात या भागावर मेणासारखा थर असतो, आणि झायलीनसारख्या द्रावकाने तो थर विरघळवला की अंडे पाणी घेते व डायपॉज मोडतो. ओल्या वाळूत असलेले अंडे ‘तहानलेले’ राहू शकते ते यामुळे.

तेव्हा अंडे पाणी घेते आहे की नाही हे वजनावरून तपासावे. एका अंड्याचे वजन मोजके मिलिग्रॅम असल्याने दहा अंडी गाळणकागदावर हलकेच टिपून एकत्र तोलावीत आणि दर आठवड्याला तीच दहा अंडी पुन्हा तोलावीत. वजन भराभर वाढून स्थिरावले तर गर्भ कामाला लागला आहे. ओलावा असूनही वजन हलत नसेल तर डायपॉजचा संशय घ्यावा. वजन घटत असेल तर तुमची वाळू कोरडी पडली आहे, आणि आधी ते दुरुस्त करावे.

ओलावा जितका जरुरीचा तितकीच हवाही. वाळू ठेचून भरू नये, बरणीच्या तळाशी पाणी साचू देऊ नये आणि झाकणाला सुईने चार-पाच भोके पाडावीत. डायपॉजमधील अंड्याचा श्वास मंद असल्याने ते थोडे पाणी तुंबलेले सोसते, पण जागे होऊन वाढू लागलेले अंडे ते फार काळ सोसत नाही.

चार बरण्यांची चाचणी

शीत प्रदेशांतील किडींसाठी लिहिलेल्या पद्धती आपल्याकडे जशाच्या तशा उचलल्या जातात, ही माझी जुनी तक्रार आहे. पूर्वी जिप्सी मॉथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पंजी मॉथची अंडी प्रयोगशाळेत साधारण ५ अंशांवर चार-पाच महिने ठेवून मग २५ अंशांवर आणतात, आणि ते त्या किडीला शोभते, कारण तिची अंडी बर्फाळ हिवाळा झाडाच्या खोडावर काढतात. गोंदिया किंवा रत्नागिरीच्या बांधात सात सेंटिमीटर खोलीवर असा गारठा महिनोन्‌महिने नसतो. आपल्या अंड्याला कशाची गरज आहे हे त्यालाच विचारावे लागेल, आणि विचारण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

पहिली बरणी ओली आणि उबदार ठेवावी, म्हणजे पहिल्या दिवसापासून ओली वाळू आणि ३० अंश, आणि ती प्रयोगाच्या अगदी शेवटपर्यंत तशीच ठेवावी. दुसरी उबदार पण कोरडी: ३० अंशच, मात्र वाळूत पाणी जेमतेम १ ते २ टक्के, साठ दिवसांनी तिला पूर्ण पाणी द्यावे. तिसरी ओली आणि गार: आधी तीन आठवडे २५ ते २७ अंशांवर, मग साठ दिवस १० ते १२ अंशांवर, मग पुन्हा ३० अंशांवर. चौथी बांधावरच्या उन्हाळ्याची नक्कल: कोरडी वाळू, दिवसा बारा तास ३८ आणि रात्री बारा तास २५ अंश, साठ दिवसांनी पाणी आणि ३० अंश. प्रत्येक प्रकाराच्या चार बरण्या आणि प्रत्येक बरणीत किमान तीस अंडी असावीत. अंडी मुबलक असतील तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातील काही बरण्या तीसाव्या दिवशी व काही नव्वदाव्या दिवशी काढाव्यात, म्हणजे किती काळ पुरतो हेही कळते.

तिसऱ्या बरणीतले सुरुवातीचे तीन उबदार आठवडे गाळू नयेत. गर्भ त्याच्या ठरावीक टप्प्यापर्यंत पोचण्याआधीच गारठ्यात टाकला तर गारठा वाया जातो, आणि कोवळा गर्भ त्यात मरूही शकतो. आणखी एक चूक माझ्या हातून घडली आहे ती इथे सांगतो. स्वतंत्र शीतकक्ष नव्हता म्हणून मी बरण्या साध्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. अशा फ्रिजमधली फिरती हवा सतत ओलावा खेचून घेते. दीड महिन्याने वाळू पिठासारखी सुटी आणि अंडी मनुकांसारखी सुरकुतलेली होती. फ्रिजच वापरायचा असेल तर बरण्या ओल्या टिश्यूसह दुसऱ्या बंद डब्यात ठेवाव्यात, दारात कधीही ठेवू नयेत, आणि प्रत्येक आठवड्याचे वजन चुकवू नये.

आता निकाल वाचायचा कसा? पहिल्या बरणीतली बहुतेक अंडी तीन-चार आठवड्यांत उबली आणि दुसरीतली पाणी दिल्यावर तशीच उबली, तर तुमच्या हाती आली तेव्हा अंड्यांत डायपॉज नव्हता. बांधावर त्यांना फक्त पाण्याची वाट पाहावी लागत होती. पहिली बरणी महिना-दीड महिना गप्प राहिली, पण आतला गर्भ जिवंत आहे, तर डायपॉज आहे. मग बाकीच्या तीन बरण्यांत कोणती लवकर आणि एकसाथ उबते त्यावरून तो कशाने संपतो हे कळते: गारव्याने, कोरड्या उन्हाळ्याने, की दोन्हींनी. पहिली बरणी शेवटपर्यंत राखायची ती याचसाठी की नुसता काळ गेल्यानेही काही अंडी आपोआप जागी होतात, आणि तो हिशेब वजा केल्याशिवाय इतर बरण्यांना श्रेय देता येत नाही.

अंड्याच्या आत पाहणे

गर्भ जिवंत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक प्रकारातून चार-पाच अंड्यांचा बळी द्यावा लागतो, आणि त्यासाठी सुरुवातीलाच जादा अंड्यांची एक वेगळी बरणी राखून ठेवावी. सोडियम हायपोक्लोराइटच्या २ ते ३ टक्क्यांच्या द्रावणात अंडी ठेवली की काही मिनिटांत वरचे तपकिरी कवच विरघळू लागते. सतत पाहत राहावे, कवच गेले की ताबडतोब स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवावे आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली खालून प्रकाश देऊन पाहावे.

पिवळसर बलकाच्या पार्श्वभूमीवर सर्वांत आधी नजरेत भरतात ते डोळे: दोन गडद, तांबूस-तपकिरी ठिपके. नाकतोड्याच्या अंड्यात त्यांची जागा फार काही सांगून जाते. पुंजात अंडी उभी असतात. गर्भ आधी अंड्याच्या मागच्या, म्हणजे पुंजातील खालच्या टोकाशी तयार होतो आणि त्याचे डोके त्याच टोकाकडे असते. नंतर वाढीच्या मधल्या टप्प्यावर तो सबंध उलटतो आणि डोके वरच्या टोकाकडे येते. डोळे खालच्या टोकाशीच आठवडेच्या आठवडे दिसत राहिले तर गर्भ उलटण्याआधीच थांबला आहे. वरच्या टोकाकडे दिसले, पाठोपाठ पायांच्या घड्या आणि पोटाचे पट्टे दिसू लागले, तर उबण्याचा दिवस जवळ आला आहे. गर्भाचे चित्र वहीत हाताने काढावे. फोटो काढावाच, परंतु चित्र काढताना डोळ्याला जे दिसते ते फोटो चाळताना निसटते.

गर्भ कोणत्या टप्प्यावर थांबतो हे जातीगणिक बदलते, त्यामुळे एका किडीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. रेशीमकीटकाचा गर्भ अगदी लहान असतानाच थांबतो, तर स्पंजी मॉथच्या अंड्यात पूर्ण बनलेली अळी कवचाच्या आत हिवाळाभर निजून असते.

तापमानाचा हिशेब

बी.ओ.डी. इनक्युबेटरच्या दारावर दिसणारा आकडा हा आतल्या एका कोपऱ्यातील हवेचा असतो, तुमच्या वाळूचा नव्हे. अंडी नसलेली एक बरणी तशाच ओल्या वाळूने भरून तिच्यात थर्मामीटरचा दांडा रोवावा आणि रोज सकाळ-संध्याकाळ तोच आकडा लिहावा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांत एक-दोन अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून बरण्यांच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात. वीज गेली तर किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे लिहावे. लोडशेडिंगचे चार तास लपवलेला प्रयोग दुसऱ्या कुणालाही पुन्हा करता येत नाही.

डायपॉज संपल्यानंतर उबायला किती दिवस लागतील हे तापमानावर जवळपास सरळ हिशेबाने ठरते. अंडी दोन वेगवेगळ्या तापमानांत उबवून दिवस मोजले की, ज्या तापमानाखाली वाढ होतच नाही ते किमान तापमान काढता येते. समजा २४ अंशांवर २४ दिवस लागले आणि ३२ अंशांवर १२ दिवस. किमान तापमान १६ धरले तर पहिल्या ठिकाणी ८ अंश गुणिले २४ दिवस आणि दुसऱ्या ठिकाणी १६ अंश गुणिले १२ दिवस, दोन्हीकडे १९२ येते. म्हणजे या अंड्याला १६ अंशांच्या वर १९२ अंश-दिवस लागतात. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्या बरण्यांतून यायला हवेत आणि दोनऐवजी किमान चार तापमानांवर तपासायला हवेत. अति उष्णतेकडे ही सरळ रेषा वाकते, हेही त्यातून दिसेल. मात्र डायपॉजमधील अंड्यांना हा हिशेब लावू नये, कारण तिथे कमी तापमान हेच अनेकदा जास्त काम करते.

मातीबाहेरची अंडी

डासाची किंवा पतंगाची अंडी वाळूत नसतात, म्हणून त्यांच्यासाठी हवेतील आर्द्रता स्थिर ठेवावी लागते. त्याला महागड्या यंत्राची गरज नाही. डेसिकेटरच्या, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्याच्या, तळाशी प्रयोगशाळेतील शुद्ध क्षार थोड्या पाण्यात रबडीसारखा कालवून ठेवला, आणि न विरघळलेला क्षार तळाशी नेहमी दिसत राहिला, की वरची हवा ठरावीक आर्द्रतेवर टिकते. २५ अंशांवर मॅग्नेशियम क्लोराइडने सुमारे ३३ टक्के, मॅग्नेशियम नायट्रेटने ५३, सोडियम क्लोराइडने ७५, पोटॅशियम क्लोराइडने ८४ आणि पोटॅशियम सल्फेटने ९७ टक्के आर्द्रता मिळते.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची अंडी गाळणकागदावर घेतल्यावर तो कागद दोन-तीन दिवस ओलसर ठेवावा. गर्भ पुरा बनण्याआधी कागद वाळवला तर अंडी चपटी होऊन मरतात. बनल्यानंतर सावकाश वाळवला तर ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात. उबवताना साध्या पाण्यापेक्षा उकळून, बाटली काठोकाठ भरून आणि बूच लावून गार केलेले पाणी वापरावे, कारण पाण्यातला प्राणवायू कमी होणे हीच या अंड्याला उबण्याची खूण असते. तरीही काही अंडी पहिल्या भिजवणीला दाद देत नाहीत. कागद पुन्हा वाळवून दुसऱ्यांदा भिजवावा. तांदळावरील कॉर्सायरा पतंगाची गोष्ट निराळी. किडींच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या परजीवी माशीसाठी त्याची अंडी फ्रिजमध्ये ठेवली जातात, पण ती झोपत नाहीत, केवळ मंदावतात, आणि प्रत्येक दिवसागणिक त्यांचा कस उतरतो.

आईचा इतिहास

अंड्यातील झोपेचा निर्णय अनेकदा अंडे घातले जाण्याआधीच झालेला असतो. शीत प्रदेशातील एडिस अल्बोपिक्टस डासाच्या माद्या लहान दिवसांत वाढल्या तर डायपॉजमध्ये जाणारी अंडी घालतात; उष्ण प्रदेशातील त्याच जातीच्या माद्यांत हे दिसत नाही. रेशीमकीटकात तर द्विप्रज, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या, जातीची मादी स्वतः अंड्यात असताना तिला २५ अंश आणि उजेड मिळाला, तर तिची अंडी झोपतात. १५ अंश आणि अंधार मिळाला, तर झोपत नाहीत. महाराष्ट्रात रेशीम उद्योगाशी संबंधित वाचकांना अशा अंड्यांवरील आम्ल-उपचार माहीत असेल: ताज्या अंड्यांना सुमारे ४६ अंशांच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाचेक मिनिटे बुडवून झोप लागण्याआधीच टाळली जाते. हा उपाय त्या अंड्यापुरता आहे. नाकतोड्याच्या अंड्यावर तो करून पाहण्यात अंडी गमावण्यापलीकडे काही मिळणार नाही.

म्हणून पिंजऱ्यातील माद्यांचा प्रकाशकाल आणि तापमान लिहून ठेवावे. नागपूरच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे प्रयोगशाळेत सोळा तास दिवे लावून वाढवलेल्या मादीची अंडी बांधावरच्या अंड्यांसारखी वागली नाहीत, तर दोष अंड्यांचा नाही.

उबण्याचे दिवस आणि मोजणी

डोळे वरच्या टोकाकडे दिसू लागले की बरण्या रोज दोनदा, ठरलेल्या वेळी पाहाव्यात. नाकतोड्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते ते पाय अंगाशी घट्ट चिकटलेल्या, पांढुरक्या कृमीच्या रूपात. ते वळवळत वाळूतून वर येते, पृष्ठभागावर पोचताच पहिली पातळ कात टाकते, आणि काही मिनिटांत पाय मोकळे करून उभे राहते. या वाटचालीत वरची वाळू घट्ट बसलेली असेल तर ते आतच दमून मरते आणि ‘अंडे उबले नाही’ अशी खोटी नोंद होते. अंड्यांवर दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक वाळू ठेवू नये. टाकलेली पांढरी कात पृष्ठभागावर शोधून मोजल्यास, निसटलेल्या पिल्लांचा हिशेबही लागतो.

शेवटचे पिल्लू निघाल्यानंतर आणखी तीन आठवडे थांबून उरलेले प्रत्येक अंडे उघडावे आणि त्याची वर्गवारी करावी: गर्भच नसलेले, काळे पडून कुजलेले, पूर्ण वाढूनही बाहेर न पडू शकलेले, आणि जिवंत पण अजून थांबलेले. उबण्याची टक्केवारी काढताना गर्भ नसलेली अंडी छेदातून वगळावीत, आणि जिवंत थांबलेली अंडी मेलेल्यांत कधीही मिसळू नयेत. निघालेली पिल्ले वाढवायची नसतील तर बंद डबीत डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवून मगच टाकावीत. वाळूही उकळत्या पाण्याने भिजवून टाकावी. पिकावरची कीड प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणातून शेजारच्या शेतात जाता कामा नये.

या सर्वांबरोबर एक बरणी घराबाहेर असावी. मातीची साधी कुंडी बांधावरच्याच मातीने भरून, त्याच पुंजांतील तीस-चाळीस अंडी सात सेंटिमीटर खोल पुरून, वर बारीक जाळी बांधून ती उघड्यावर ठेवावी. तिला पाणी घालू नये. शेजारी पर्जन्यमापक असल्यास उत्तम, नसल्यास सरळ बाजूंचा डबाही चालतो. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस कोणत्या दिवशी आणि किती मिलिमीटर झाला, त्यानंतर किती दिवसांनी पहिले पिल्लू जाळीखाली दिसले, आणि ते दिवस तुमच्या ३० अंशांच्या बरण्यांतील दिवसांशी किती जुळले, हे तीन आकडे वहीच्या त्याच पानावर लिहावेत.